भुईचाफा: ओळखायचा कसा आणि दरवर्षी फुलवायचा कसा

प्रश्न थोडक्यात असा. कोकणातल्या आजोळी घरामागून काही कंद आणून नाशिकला गच्चीवरच्या कुंडीत लावले. पावसाळ्यात नक्षीदार, मागून जांभळी पानं आली आणि दिवाळीनंतर सगळं वाळून गेलं. कंद मेले असं समजून त्याच कुंडीत शेवंती लावली. आता एप्रिलमध्ये शेवंतीच्या बुडाशी माती उकलून एक पांढरं-जांभळं, सुगंधी फूल वर आलं, सोबत पान मात्र एकही नाही. नर्सरीवाला पानांचा फोटो बघून कलाथिया (घरात ठेवायचं, नक्षीदार पानांचं शोभेचं झाड) म्हणतो, शेजारच्या काकू काळी हळद म्हणतात आणि मोबाइलमधलं ॲप फुलाचा फोटो बघून एकदा क्रोकस सांगतं, एकदा ऑर्किड. हे नक्की काय? एकच फूल का आलं? दरवर्षी भरपूर यावीत म्हणून काय करायचं? आणि सिडनीला असलेल्या बहिणीला यातला एखादा कंद देता येईल का?

तुमचं झाड भुईचाफा आहे, शास्त्रीय नाव केम्फेरिया रोटुंडा. नर्सरीवाला, काकू आणि ॲप यांचं चुकलं त्याचं कारण साधं आहे. या झाडाचं फूल आणि पान सहसा एका वेळी दिसतच नाही. फुलं चैत्र-वैशाखात, पानं मृगाच्या पावसानंतर, आणि थंडीत जमिनीवर काहीच नाही. ज्याने पान पाहिलं त्याने पानावरून अंदाज बांधला, ज्याने फूल पाहिलं त्याने फुलावरून. त्यामुळे अशा झाडाबद्दल कोणी विचारलं की मी फोटोच्या आधी तो कोणत्या महिन्यात काढला ते विचारते. मार्च ते मेमध्ये पानाशिवाय, जमिनीला टेकून फूल आणि त्याच जागी जूननंतर उभी, मागून जांभळी पानं, एवढी जोडी जमली की बाकी तपासणी खात्रीपुरती उरते.

कूळ आल्याचं. आलं, हळद, वेलची, सोनटक्का ही सगळी याची भावंडं. सोनचाफ्याशी किंवा देवचाफ्याशी याचं काही नातं नाही. आपल्याकडे वास चांगला आला की चाफा म्हणायची पद्धतच आहे. हिरवा चाफा आणि नागचाफा हेही एकमेकांचे कोणी लागत नाहीत. वंशाला केम्फेरिया हे नाव लिनिअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने एंगेलबर्ट केम्फर या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ दिलं. हा केम्फर सतराव्या शतकाच्या अखेरीस डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत जपानला जाऊन आला होता. रोटुंडा ही जात लिनिअसने १७५३ साली नोंदवली. कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनीही अठराव्या शतकाच्या शेवटी हे झाड भूचंपक या देशी नावानेच वर्णन करून ठेवलं आहे. भारतापासून म्यानमार, थायलंड, दक्षिण चीनपर्यंत ते आढळतं. महाराष्ट्रात मात्र ते मुख्यतः माणसाच्या सोबतीने राहतं. जुन्या घरांच्या परसात, विहिरीच्या कडेला, तुळशीवृंदावनाच्या सावलीत कोणीतरी कधीतरी लावलेलं असतं आणि पुढच्या पिढीला त्याचं नावही ठाऊक नसतं.

आता फुलाकडे जरा नीट बघा. उद्या सकाळी दुसरं फूल उमललं तर हातात भिंग घेऊन खाली बसा. वरवर पाहता चार पाकळ्या दिसतात: दोन पांढऱ्या, वर उभ्या, दोन जांभळ्या, खाली झुकलेल्या. गंमत अशी की या चारांतली एकही खरी पाकळी नाही. खऱ्या पाकळ्या तीन असतात. अरुंद, पांढऱ्या, फितीसारख्या, आणि त्या मागे किंवा बाजूला लोंबत असतात. पहिल्या नजरेत लक्षातही येत नाहीत. वरच्या दोन पांढऱ्या पसरट पाकळ्या म्हणजे रूप बदललेले वांझ पुंकेसर. खालच्या दोन जांभळ्या दिसतात त्याही दोन नाहीत, तो एकच ओठ आहे, मधोमध खोल चिरलेला. तोही पुंकेसरांपासूनच तयार झालेला. चिरेच्या दोन्ही बाजूंना, घशाजवळ, जांभळा रंग गडद होतो आणि अगदी आत पिवळसर झाक असते. जननक्षम पुंकेसर संपूर्ण फुलात एकच. त्याच्या टोकाला दोन भागांत चिरलेला छोटा तुरा असतो आणि त्याच्या दोन परागकोशांच्या मधून स्त्रीकेसराचा केसाएवढा बारीक दांडा वर येतो. आल्याच्या कुळाची ही खूण. सोनटक्क्याचं फूल घेऊन तुलना करा, तिथेही दांडा असाच कोशांच्या चिमटीतून गेलेला दिसेल.

फुलाला देठ आहे असं वाटतं, पण ती पाच-सहा सेंटिमीटर लांबीची नळी आहे. अंडाशय खाली, कंदाच्या डोक्याशी, जवळजवळ मातीतच राहतो. म्हणून हे फूल फुलदाणीत ठेवता येत नाही. तोडायला गेलात तर हातात नुसती नळी येते. एका कोंबात चार-सहा कळ्या सहज असतात, तांबूस-जांभळ्या टोकदार पापुद्र्यांत मिटलेल्या, आणि त्या एकामागून एक उघडतात. सकाळी उमललेलं फूल संध्याकाळपर्यंत किंवा फार तर दुसऱ्या दिवशीपर्यंत मलूल होतं. वास मंद, गोडसर. उन्हं चढायच्या आत घेतलात तर चांगला कळतो.

ॲपने क्रोकस का सांगितलं? इंग्रजीत या झाडाला ट्रॉपिकल क्रोकस असंही एक नाव आहे, आणि जमिनीतून थेट वर येणारं जांभळं फूल म्हटलं की यंत्राला तेच आधी आठवतं. खऱ्या क्रोकसला, म्हणजे आपल्या केशराच्या जातभाईंना, सहा सारख्या पाकळ्या आणि तीन पुंकेसर असतात. शिवाय काश्मीरमधल्या पांपोरचं केशर शरद ऋतूत फुलतं. नाशिकच्या गच्चीवर एप्रिलच्या उन्हात क्रोकस फुलणार नाही. ऑर्किडचं मात्र समजण्यासारखं आहे. ओठ, विषम आकार, पाकळ्यांचा तोरा, सगळं ऑर्किडसारखं दिसतं, आणि सह्याद्रीत मेमध्ये पानांआधी फुलणारी अमरकंदाच्या जातीची जमिनीवरची ऑर्किडं आहेतही. पण त्यांचा फुलोरा उंच दांड्यावर येतो, जमिनीला टेकून नाही, आणि त्यांचे पराग भुकटीसारखे सुटे नसतात, घट्ट गोळ्यांत बांधलेले असतात. भुईचाफ्याच्या परागकोशाला बोट लावलं की पांढुरकी पूड लागते.

पानांवरून होणारा घोटाळा जास्त मोठा आहे, कारण पानं चार-पाच महिने टिकतात आणि सगळे तीच बघतात. भुईचाफ्याची पानं उभी, लांबट भाल्यासारखी, साधारण एक-सव्वा फुटापर्यंत. वरून हिरवी आणि त्यावर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना गडद व रुपेरी हिरव्याचे पट्टे, मागची बाजू जांभळी. कलाथियाची पानंही अशीच रंगवलेली असतात, म्हणून नर्सरीवाल्याला फार दोष देऊ नका. पण हाताने तपासलं तर क्षणात फरक कळतो. कलाथियाच्या पानाचा देठ जिथे पात्याला मिळतो, तिथे बोटाच्या पेरासारखा एक फुगीर सांधा असतो. त्याच्या जोरावर ती पानं रात्री उभी मिटतात. भुईचाफ्याला असा सांधा नाही. त्याचे देठ तळाशी एकमेकांना वेढून खोट्या खोडासारखे दिसतात, आणि वेढा सुटतो तिथे आतल्या बाजूला एक पातळ पापुद्रा असतो, हळदीला असतो तसाच. पानाचा कोपरा चुरगळा. कलाथियाला हिरव्या पाल्याचा वास, भुईचाफ्याला मसाल्याची पुसट झाक. आणि सगळ्यांत सोपी परीक्षा म्हणजे वाट बघणं: थंडीत कलाथिया कोमेजला तरी पानं धरून राहतो, भुईचाफा पूर्ण झोपतो.

काळ्या हळदीचा प्रश्न तर एका नजरेत सुटतो. काळ्या हळदीच्या पानावर मधल्या शिरेच्या बाजूने तपकिरी-जांभळा पट्टा वरून दिसतो, मागची बाजू हिरवीच असते. कंद कापला तर आत निळसर निघतो. भुईचाफ्याचा कंद आत पांढरट ते फिकट पिवळा. काळी हळद म्हणून कोणी मोठ्या किमतीला काही विकत असेल तर चाकू लावल्याशिवाय पैसे देऊ नयेत. या नावाखाली बाजारात काहीही खपतं. तुमच्या कंदाला मात्र चाकू लावायची गरज नाही, पानाची मागची बाजू पुरेशी आहे.

भुईचाफ्याची खरी गल्लत त्याच्या सख्ख्या भावंडांशी होते. नर्सरीत पीकॉक जिंजर म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा केम्फेरिया पुल्क्रा किंवा एलेगन्स असतं: पानं रुंद, जवळजवळ जमिनीवर पसरलेली, मोराच्या पिसासारखी नक्षी, आणि फिकट जांभळी, चपटी फुलं भर पावसाळ्यात पानांच्या मधोमध. सावलीच्या कोपऱ्यात जमीन झाकायला ते उत्तम झाड आहे, फक्त ते भुईचाफा नाही. दुसरं केम्फेरिया गलंगा. केरळात त्याला कच्चोलम म्हणतात. त्याची पानं गोलसर, तकतकीत हिरवी, मातीला चिकटलेली; फूल पांढरं, ओठावर जांभळा ठिपका; कंदाला कापरासारखा उग्र वास. तेही पावसाळ्यात, पानांसोबतच फुलतं. तिसरं आपल्या सह्याद्रीतलंच, केम्फेरिया स्केपोजा (आता ते हळदीच्या वंशात, कुर्कुमा स्केपोजा या नावाने धरतात): गवताळ उतारांवर पावसाळ्यात लांब दांड्यावर पांढरी फुलं. ते डोंगरात बघावं आणि तिथेच राहू द्यावं. खणून आणलेली रोपं गच्चीवर फार काळ तग धरत नाहीत आणि डोंगरातली तेवढी कमी होतात.

आता तुमच्या एकुलत्या एका फुलाकडे येऊ.

भुईचाफ्याचं या वर्षीचं फूल गेल्या पावसाळ्यातल्या पानांनी कमावलेलं असतं. जून ते ऑक्टोबर पानं अन्न तयार करतात, ते जमिनीखाली साठतं, आणि त्या साठ्यावर वैशाखात पानांशिवाय फुलं येतात. कंद लावले त्या पावसाळ्यात आधी मुळं धरायची असतात, साठवायला फार काही उरत नाही. तशात थंडीत वर शेवंती आली. शेवंतीला रोज पाणी, म्हणजे खाली झोपलेल्या कंदाला ऐन विश्रांतीत ओल. काही कंद कुजले असणार, उरलेल्यांपैकी एकाने फूल दिलं. ओल्या थंडीत एकही कंद वाचला नसता तरी नवल नव्हतं, तेव्हा तुमचा कंद चिवट आहे असं समजा.

ही एक गोष्ट पक्की झाली की बाकीची निगा सोपी. मी रोपं देते तेव्हा लोक खतं कोणती, फवारणी कोणती असं विचारतात; डिसेंबरमध्ये कुंडीचं काय करायचं हे कोणी विचारत नाही. आणि भुईचाफा मरतो तो डिसेंबरमध्येच. रिकामी कुंडी दिसली की घरातलं कोणीतरी सवयीने तांब्याभर पाणी ओततं, नाहीतर त्यात कोथिंबीर पेरतं, नाहीतर माती दुसऱ्या कुंडीत उलटून टाकतं. कुंडीवर ऑइल पेंटने नाव आणि ‘फेब्रुवारी अखेरपर्यंत पाणी नको’ असं लिहून ठेवा. हसू नका, आमच्याकडे तसंच लिहिलेलं असतं.

तर आता काय करायचं. शेवंती आत्ता हलवू नका, कारण मुळं एकमेकांत गुंतलेली असतात आणि उपटताना फुलाचा कोंब तुटेल. फुलांचा बहर संपेपर्यंत थांबा. मेच्या अखेरीस, पहिल्या वळवानंतर किंवा मृगाच्या सुमारास, पानाची सुरळी वर यायच्या आधी किंवा नुकतीच टोक दाखवत असताना, कुंडी आडवी करून सगळा मातीचा गड्डा सावकाश बाहेर काढा.

जमिनीखालचं काय दिसेल ते आधी सांगते, म्हणजे काही फेकणार नाही. मधे एक लहान, आखूड गड्डा असतो. हळदवाले ज्याला जेठा गड्डा म्हणतात तसा, पण आकाराने बराच छोटा. डोळे याच गड्ड्यावर असतात, कोंबही इथूनच येतो. त्याच्याभोवती जाड मांसल मुळं सुटतात आणि त्यांच्या टोकाला किंवा मधे गोलसर फुगवटे असतात, शेंगदाण्याएवढे ते सुपारीएवढे. रोटुंडा म्हणजे गोल, ते नाव या गाठींवरूनच. या गाठी म्हणजे अन्नाची कोठारं. त्यांच्यावर डोळा नसतो. नुसती सुटी गाठ कितीही चांगल्या मातीत लावली तरी उगवत नाही, आणि ऑनलाइन विक्रीत नेमकं हेच होतं. पाकिटात टपोऱ्या गाठी येतात, गड्डा नसतोच, आणि गिऱ्हाईक दोन महिने रिकाम्या मातीला पाणी घालत बसतं. विकत घेताना गड्ड्याचा फोटो मागवा, त्यावर फिकट टोकदार डोळा दिसला पाहिजे.

वेगळे करताना प्रत्येक तुकड्याला किमान एक डोळा आणि शक्य तितक्या गाठी राहतील असं बघा. गड्डा कापावा लागला तर कापलेल्या जागेवर लाकडाची राख लावून एक-दोन दिवस सावलीत सुकवा. मऊ, दुर्गंधी येणारा भाग दिसला तर निर्दयपणे कापून टाका. दरवर्षी मात्र विभागणी करू नका. भुईचाफ्याला दाटी आवडते. तीन-चार वर्षं न हलवलेल्या कुंडीत जेवढी फुलं येतात तेवढी ताज्या लावणीत येत नाहीत. बियांच्या मागे लागू नका, आपल्याकडच्या बागेतल्या झाडांना बी क्वचितच धरतं. जो प्रसार होतो तो कंदातूनच.

कुंडी खोल नको, पसरट हवी. दहा-बारा इंच व्यासाची मातीची कुंडी उत्तम, कारण तिच्या भिंतीतून ओल सुटते. तळाला भोकं भरपूर. माती अशी की मूठ दाबून सोडली तर गोळा बोटाच्या धक्क्याने फुटावा. मी दोन भाग लाल माती, दोन भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग जाड वाळू आणि एक भाग जुनं शेणखत घेते. कोकणात जांभ्याचा चुरा टाकतो, तो नाशिकला मिळणार नाही. भाताचं तूस किंवा विटांचे बारीक तुकडे चालतील. तुमच्या भागातली काळी माती मात्र बिलकुल नको, ती पावसात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नुसतं कोकोपीटही नको. गड्डा दोन इंचांपेक्षा खोल गाडू नये, डोळा वर आणि गाठी खाली.

ऊन गाळून आलेलं हवं. सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर आंब्याच्या, नारळाच्या किंवा हिरव्या शेडनेटच्या खालची सावली असली की पानांचा रंगही खुलतो. नाशिकच्या गच्चीवर दुपारचं ऊन लागलं तर पानांच्या कडा आठवड्यात करपतात. उलट अगदी काळोख्या गॅलरीत ठेवलात तर पानं लांबलचक होऊन आडवी पडतात, आणि पुढच्या वर्षी फूल नाही.

पान वर आलं की मात्र हात सैल सोडा. जून ते सप्टेंबर हे झाड खादाड असतं. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत, पाऊस थोडा ओसरला की चमचाभर निंबोळी पेंड, आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चिमूटभर लाकडाची राख किंवा पालाश असलेलं एखादं खत. युरिया नको. त्याने पानं माजतात आणि कंद पोकळ राहतो. पाऊस नसेल त्या दिवसांत पाणी नियमित, पण कुंडीखालच्या ताटलीत साचू देऊ नका.

दसऱ्याच्या सुमारास पानं फिकटायला लागतात. नाशिकला कोकणापेक्षा जरा आधीच. तेव्हापासून पाणी कमी करत न्या. पिवळं पान कापू नका, त्यातला जीव खाली उतरायचा असतो. ते स्वतःहून वाळून, हलक्या ओढीने सुटेल तेव्हाच काढा. त्यानंतर कुंडी छपराखाली, जिन्याखाली, कुठेही कोरड्या सावलीत सरकवा. नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या अवकाळी पावसाने अनेकांचे भुईचाफे कुजतात, म्हणून उघड्या गच्चीवर ठेवू नका. तुमची हवा कोरडी आहे, गाठी फार सुरकुतू नयेत म्हणून महिन्यातून एकदा मातीवर हलका फवारा दिलात तर चालेल. त्याहून जास्त नको. घरामागे, जमिनीत, उतारावर लावलेला भुईचाफा या सगळ्याशिवायही जगतो, कारण दिवाळीनंतर तिथली जमीन आपोआप कोरडी पडते. कुंडीत तेच आपण हाताने घडवायचं.

फेब्रुवारीच्या शेवटी कुंडी पुन्हा उजेडात आणा. वरची इंचभर माती खरवडून नवं शेणखत पसरा आणि आठवड्यातून एकदा थोडं पाणी सुरू करा. उन्हाचा तडाखा वाढला की तांबूस टोकं माती उकलताना दिसतील. त्या वेळी मातीत बोटं घालून चाचपू नका, कोंब पटकन मोडतो. टोकं दिसल्यावर पाणी रोज, पण थोडं. फुलं येण्याचा काळ ठिकाणाप्रमाणे मार्चच्या अखेरीपासून मेपर्यंत पुढे-मागे होतो.

रोग-किडींचं फार अवडंबर नाही. कंदकूज हा एकच मोठा शत्रू, आणि त्यावर निचरा हेच औषध. लावताना शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळून घेतलीत तर बरं. पानाची गुंडाळी करून आत बसलेली हिरवट अळी दिसली तर ती बहुधा ग्रास डेमन नावाच्या फुलपाखराची असते. हळदीवर आणि सोनटक्क्यावरही हीच. दोन-चार पानं तिला सोडून द्या, फुलपाखरू देखणं असतं. खोडाच्या बुडाशी भोक आणि भुसा दिसला तर खोडकिडा आहे, तो कोंब मुळापासून कापून नष्ट करा. गोगलगाई कोवळी सुरळी रात्रीत फस्त करतात, टॉर्च घेऊन वेचणं हाच खरा उपाय. शेणखत नीट कुजलेलं नसेल तर त्यातून हुमणी येते आणि गाठी कुरतडते. गावाकडे घूस आणि साळिंदर यांचाही त्रास असतो, गच्चीवर तुम्ही त्यातून सुटलात.

खायचं किंवा औषधाला वापरायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे कोणीतरी विचारेलच. केरळातल्या आयुर्वेदात आणि जावाच्या घरगुती औषधांत या कंदाचा वापर आहे, आणि आपल्याकडेही सुजेवर उगाळून लावतात. कुंडीतला कंद स्वतःच ओळखून स्वतःच पोटात घेणं मात्र टाळा. वर सांगितलेली भावंडं पानं नसताना एकमेकांपासून वेगळी ओळखणं अनुभवी माणसालाही जड जातं.

राहिला सिडनीचा कंद. तो बॅगेतून पाठवू नका. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम फार कडक आहेत, माती लागलेला किंवा उगवू शकणारा कंद विमानतळावर जाहीर करावाच लागतो. लपवला तर दंड होतो आणि जाहीर केला तर परवानगीअभावी बहुधा तिथेच काढून घेतील. त्यापेक्षा बहिणीला तिथल्याच एखाद्या उष्णकटिबंधी झाडांच्या नर्सरीत केम्फेरिया रोटुंडा या नावाने विचारायला सांगा. क्वीन्सलंडसारख्या उष्ण भागात आल्याच्या कुळातली शोभेची झाडं लोक हौसेने लावतात. पीकॉक जिंजर म्हणून मागू नये, नाहीतर पुल्क्रा हातात पडेल. तिथे ऋतू उलटे, म्हणजे पानं तिकडच्या उन्हाळ्यात, आपल्याकडे थंडी असते तेव्हा. झोप जून ते ऑगस्ट. फुलं साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात. सिडनीत हिवाळ्यातही पाऊस पडतो आणि थंड ओल या कंदाला सोसत नाही, म्हणून पानं वाळली की कुंडी गॅरेजमध्ये किंवा घरात कोरडी ठेवायची आणि वसंतात हवा उबदार झाली की बाहेर काढायची. अमेरिकेत न्यू जर्सीसारख्या बर्फाच्या ठिकाणी राहणाऱ्यांनीही हेच करावं, फक्त तिथे वेळापत्रक आपल्यासारखंच, महिनाभर उशिराने.